खड्ड्यात दोन टायर फुटले, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : ३ ऑगस्टच्या रात्री आईला घेऊन घरी येत होते. रस्त्यावर पाणी साचल्यामुळे खड्डा दिसला नाही. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकापाठोपाठ आदळली. दोन्ही टायर फुटले, पुढची अलॉय रिम चिरली, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) वाकला. स्टेपनी एकच, म्हणून गाडी टोइंग करून न्यावी लागली. एकूण खर्च ३१,९०० रुपये. विमा कंपनीने १०,५५० रुपये दिले, पण 'टायर पॉलिसीत येत नाहीत' म्हणून टायरचा एक रुपयाही दिला नाही. महापालिका म्हणते रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, बांधकाम विभाग म्हणतो तो महापालिकेला दिला. जुने टायर दुकानदाराने बदल्यात घेतले. आईच्या मनगटाला तडा गेला होता, तीन आठवडे प्लास्टर होतं, आता ती बरी आहे. आता नोव्हेंबरचा मध्य आहे. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर : ताई, आयोगाचं नंतर बोलू. आधी कॅलेंडर समोर घ्या, कारण तुमच्या हातातला वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. मात्र त्याच कायद्याचं कलम ४८७ दोन अटी घालतं. दाव्याआधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबायचं, आणि वादकारण (ज्या घटनेवरून दावा करायचा ती) घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. मुंबईत हेच बंधन मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ५२७ मध्ये आहे. तुमचे सहा महिने फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात. वहीत शेवटची तारीख ३१ जानेवारी अशीच लिहून ठेवा. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळण्यासाठी लिमिटेशन (मुदत) कायद्याच्या कलम १५ चा आधार घेता येतो, पण तो युक्तिवाद अडचणीच्या वेळेसाठी असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा पेच बांधकाम विभागाचा. तो विभाग म्हणजे राज्य सरकार, आणि सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. ती २५ नोव्हेंबरला पोचली तर २५ जानेवारीला मुदत भरते आणि तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरतो. म्हणून रस्ता नक्की कोणाचा हे कळेपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात दोघांनाही नोटीस द्या: महापालिकेला आयुक्तांच्या नावे आणि राज्य सरकारला कलम ८० मध्ये सांगितल्याप्रमाणे शासनाच्या सचिवांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत कार्यकारी अभियंत्यांना. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, शिवाय महापालिकेच्या आवक विभागात स्वतः एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढे न्यायालयात 'नोटीस मिळालीच नाही' असं कोणी म्हणालं तर हा शिक्काच बोलतो.

नोटीस भावनिक नको. नाव, राहण्याचा पत्ता, तारीख, वेळ, ठिकाण (जवळचा चौक, दिव्याच्या खांबाचा क्रमांक, नकाशावरचे अक्षांश-रेखांश), गाडीचा क्रमांक, काय तुटलं, किती खर्च झाला, आणि कोणतं कर्तव्य पाळलं गेलं नाही. मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल : 'सदर खड्डा पावसाच्या पाण्याने पूर्ण झाकलेला होता. तेथे बॅरिकेड, फलक किंवा दिवा नव्हता. रस्त्याची देखभाल करण्यात व धोक्याची सूचना लावण्यात झालेल्या निष्काळजीपणामुळे माझे वाहन नादुरुस्त झाले व माझ्या आईस दुखापत झाली.' पाण्याने झाकलेला आणि फलक नसलेला, हे दोन मुद्दे गाळू नका. समोरचा पक्ष 'चालकाने वेग आवरायला हवा होता' असं म्हणणारच. अंशदायी निष्काळजीपणा, म्हणजे चालकाचाही काही दोष, सिद्ध झाला तर रक्कम त्या प्रमाणात कापली जाते, आणि त्याला उत्तर या दोन मुद्द्यांतच आहे.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात दोन्ही कार्यालयांत अर्ज टाका. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक तक्रार लिहिलीत तर तो याच कारणाने परत येईल. मागायचं एवढंच : ३ ऑगस्ट रोजी रस्त्याची मालकी व देखभाल कोणाकडे होती, हस्तांतरणाच्या आदेशाची प्रत, ठेकेदाराचं नाव व दोषदायित्व कालावधी (ज्या काळात काम बिघडल्यास दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते), त्याआधीच्या दोन महिन्यांत त्या ठिकाणच्या खड्ड्यांबाबत आलेल्या तक्रारी आणि त्यावर झालेली कार्यवाही. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. खड्डा आधीपासून माहीत होता आणि तरी बुजवला नाही, हे त्यांच्याच कागदावरून दिसलं की निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं निम्मं काम झालं. उत्तराची मुदत ३० दिवस. ते दाव्याला जोडता येईल, नोटिशीला त्याची वाट पाहायची गरज नाही.

आता पुरावा. टायर गेले, हे नुकसान खरंच आहे. फाटलेली साइडवॉल (टायरची बाजू) प्रत्यक्ष दाखवता आली असती तर जुना, झिजलेला टायर असल्याचा आरोप उभाच राहिला नसता. तरी सगळं संपलेलं नाही. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) गॅरेजमध्ये गाडी पाहिली, त्याच्या अहवालात नुकसानाचं कारण आणि फोटो असतात. तो तुमचाही नाही आणि महापालिकेचाही नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. त्या अहवालाची प्रत विमा कंपनीकडे लेखी मागा. टायरवाल्याकडून एका कागदावर लिहून घ्या : दोन्ही टायर आघाताने साइडवॉलला फाटलेले होते, खोबणींची खोली अंदाजे इतकी होती. मोटारीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर लागते. तुमचे टायर त्यापेक्षा चांगल्या स्थितीत होते हे त्यावरून दिसेल. टोइंगची पावती आणि त्या वेळच्या फोनच्या नोंदी जपा. फोटो मूळ फोनमधल्या मूळ फाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची माहिती सहसा उरत नाही. न्यायालयात ते देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकिलाकडून करून घ्या.

विमा कंपनीचं उत्तर मात्र सरळ चुकीचं आहे. खाजगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत टायर-ट्यूबचं नुकसान वगळलेलं असतं, पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे : त्याच वेळी वाहनाचंही नुकसान झालं असेल तर टायर बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्के द्यायचे. तुमचा लोअर आर्म वाकला, त्यासाठी कंपनीने स्वतःच पैसे मोजले. म्हणजे अट पूर्ण झाल्याचं तिनेच मान्य केलं. तुमची बिलं पाहता हिशेब असा : रिम ९,८०० आणि लोअर आर्म ३,६००, गाडी तीन ते चार वर्षांची म्हणून २५ टक्के घसारा (जुनेपणाची कपात), म्हणजे ७,३५० आणि २,७००. टोइंगचे २,५०० झाले तरी पॉलिसीची मर्यादा १,५००. त्यातून सक्तीची वजावट १,०००. बेरीज १०,५५०, इथवर बरोबर. राहिले ते १४,८०० च्या टायरचे निम्मे, ७,४०० रुपये. पॉलिसीतली ती ओळ अधोरेखित करून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही किंवा नकार आला, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. याच ७,४०० साठी ग्राहक आयोगही चालतो, दोन वर्षांची मुदत आहे आणि एवढ्या हप्त्याच्या पॉलिसीला फी नाही. पण दोन्ही दारं एकदम ठोठावता येत नाहीत. मी तुम्हाला लोकपालच सुचवेन.

रस्त्यासाठी आयोगात का नाही, ते आता. ग्राहक ठरायला सेवेचा मोबदला दिलेला असावा लागतो, आणि मालमत्ता कर हा मोबदला धरला जात नाही. टोल भरून गेलेल्या रस्त्यावर हेच घडलं असतं तर चित्र वेगळं होतं. तिथे पावती किंवा फास्टॅगची नोंद जोडून आयोगात जाता येतं. तुमचा रस्ता शहरातला, बिनटोलचा. तिथे तक्रार फेटाळली जाण्याचा धोका मोठा, आणि तेवढ्यात सहा महिने निघून जातील. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८ए सदोष देखभालीसाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं, पण तेही मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच, आणि तो दंड तुमच्या हाती येत नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलेलं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : आईचं मनगट. खड्ड्यांविषयीच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश दिला आहे. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती अर्ज पाहते आणि सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे. आईच्या नावाने स्वतंत्र अर्ज करा. सोबत एक्स-रे, केसपेपर, प्लास्टरचं बिल. केसपेपरवर 'गाडी खड्ड्यात आदळून' असं कारण लिहिलेलं आहे का ते बघा, नसेल तर डॉक्टरांकडून तसं प्रमाणपत्र मागा. हे पैसे गाडीच्या भरपाईपेक्षा वेगळे आहेत, एकात दुसरं मिसळू नका.

गाडीसाठी महापालिकेकडे मागायची रक्कम ३१,९०० वजा १०,५५०, म्हणजे २१,३५०. पुढे विमा कंपनीने ७,४०० दिले की ती १३,९५० वर येईल. एकाच नुकसानाचे पैसे दोनदा मिळत नाहीत, हे नोटिशीतच प्रामाणिकपणे लिहा. या रकमेत क्लेममुळे बुडालेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आणखी मिळवा. तीन वर्षं क्लेम नसल्याने तुम्हाला ३५ टक्के सूट होती, पुढच्या नूतनीकरणाला ४५ झाली असती, आता शून्य. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानाच्या विम्याचा) हप्ता ८,००० असेल तर एका वर्षाचाच फरक ३,६०० होतो. कंपनीकडून हा आकडा लेखी घ्या.

एवढ्या रकमेसाठी वकिलाच्या फीसह पूर्ण दावा लढवणं आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटीस दिल्यावर जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज द्या. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. मात्र लोकअदालतीची तारीख सहा महिन्यांचं घड्याळ थांबवत नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही ठरलं नाही तर दाव्याचे कागद तयार हवेत.

असं पुन्हा घडलं तर काय, ही भीती राहतेच. तर रस्त्याकडेच्या त्या अर्ध्या तासाबद्दलही सांगतो, कारण दावा तिथेच कमावला किंवा गमावला जातो. टायर बसल्यावर गाडी रेटत नेऊ नका. काहीशे मीटरमध्ये साइडवॉल चिरडते, रिम वाकते, आणि कंपनी म्हणते हे नुकसान खड्ड्याचं नाही, नंतर चालवल्याचं. हॅझर्ड दिवे लावा, माणसं रस्त्याच्या कडेपलीकडे उभी करा, रिफ्लेक्टर त्रिकोण मागे पन्नासेक मीटरवर ठेवा. मग आधी फोटो : एक लांबून, आजूबाजूच्या खुणांसह, एक खड्ड्यात काठी किंवा पट्टी उभी धरून, एक फुटलेल्या टायरचा. पाणी असेल तर काठी बुडवून ओली खूण मोजा. दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा जा, कारण तक्रार होताच खड्डा बुजतो आणि पुरावाही बुजतो. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीची नोंद करून घ्या.

चाक बदलताना हँडब्रेक, पहिला गिअर, बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड. नट जॅक लावण्याआधीच अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर हवेत चाक फिरत राहतं. पावसात जॅक चिखलात रुततो, म्हणून फूटभर चौरसाची जाड प्लायची फळी डिकीत ठेवा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनीचा दाब महिन्यातून एकदा बघा. बारीक स्टेपनी असेल तर तिला अनेकदा ६० पीएसआय लागतात आणि वेगमर्यादा साधारण ८० असते. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या मोटारींना स्टेपनी बंधनकारक नाही. पण त्या किटमधलं सीलंट खिळ्याच्या भोकासाठी आहे. खड्ड्याने फाटलेल्या साइडवॉलला किंवा वाकलेल्या रिमला त्याचा उपयोग नाही. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात, तो टायर दुरुस्त होत नाही, हवा धरत असला तरी बदला. चिरलेली अलॉय वेल्डिंग करून वापरू नका.

आणि काढलेला टायर घरी आणा. बाजूवरचा चार अंकी आठवडा-वर्षाचा कोड दिसेल असा फोटो काढा, नव्या बिलावर जुन्या टायरचा तपशील लिहून घ्या, आणि शेवटचा पैसा हाती येईपर्यंत तो कोणालाही देऊ नका.