अणुवीज, तारापूर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण 2047 पर्यंत 100 गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे 1000 मेगावॉट) अणुवीज करण्याच्या केंद्र सरकारच्या घोषणेबद्दल लिहिलं होतं, आज देशात ती सगळी मिळून 8 गिगावॉटच्या आसपास आहे, म्हणजे उडी केवढी मोठी ते बघा. त्यावर पत्रं भरपूर आली आणि बरीचशी पालघर जिल्ह्यातून आणि कोकणातून आली, साहजिकच आहे, ज्यांच्या दारात प्रकल्प आहे किंवा येऊ घातलाय तेच जास्त विचारणार. जागा कमी असल्याने काही प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आम्ही बोईसरला फ्लॅट घेतलाय. सासूबाईंना सारखी भीती वाटते की तारापूरच्या अणुवीज केंद्रात काही झालं तर हिरोशिमासारखा स्फोट होईल. आणि इथे रात्री जो उग्र वास येतो तो रेडिएशनचा असतो का? माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. (वाचक, बोईसर)

ताई, बॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही, हे सासूबाईंना अगदी खात्रीने सांगा. बॉम्बला लागणारं युरेनियम 90 टक्क्यांच्या आसपास शुद्ध केलेलं असतं, म्हणजे त्यात युरेनियम 235, युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार, तेवढं असतं. तारापूरच्या जुन्या दोन युनिटांमध्ये ते प्रमाण 3 टक्क्यांच्याही आत आहे आणि नव्या दोन युनिटांमध्ये तर खाणीतून निघतं तसंच, 0.7 टक्केवालं युरेनियम वापरतात. त्याचा बॉम्ब होतच नाही, कितीही चुका केल्या तरी. अणुभट्टीत वाईट होऊ शकतं ते वेगळं, इंधन जास्त तापून वितळणं आणि आतला किरणोत्सारी माल बाहेर पडणं, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहितोय.

वासाचं म्हणाल तर रेडिएशनला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. तुम्हाला येतो तो वास तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचा असणार, ती वसाहत देशातल्या सगळ्यात प्रदूषित औद्योगिक वसाहतींच्या यादीत पार वर होती. केंद्राच्या नावाने घाबरायचं आणि नाकाला रोज झोंबणाऱ्या केमिकलबद्दल गप्प बसायचं असं होऊ देऊ नका. लहान मूल घरात आहे, वास आला की तारीख वेळ लिहून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा, सोसायटीतल्या चार जणांना बरोबर घ्या.

आता आकडे. आपल्या सगळ्यांना जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून नैसर्गिक रेडिएशन मिळतंच, जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळालेलं रेडिएशन मोजायचं माप). पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण 10 मिळतात. केंद्रामुळे आसपासच्या लोकांना वर्षाला 1 पेक्षा जास्त मिळता कामा नये अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात मोजलेला डोस त्याच्याही खूप खाली असतो. हे मोजायला प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे, ती 30 किलोमीटरपर्यंतचं दूध, भात, मासे, विहिरीचं पाणी तपासते.

प्रश्न: जपानमधल्या फुकुशिमात भूकंप झाल्याबरोबर रिॲक्टर आपोआप बंद पडले होते असं वाचलं. मग बंद पडलेली भट्टी वितळली कशी? आणि तारापूरची पहिली दोन युनिटं त्याच जातीची आहेत हे खरं का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

मित्रा, मला वाटतं अणुवीज समजून घ्यायची तर हा एकच प्रश्न नीट समजला तरी निम्मं काम झालं, म्हणून जरा लांबण लावतो.

कंट्रोल रॉड, म्हणजे भट्टी बंद करणारे दांडे, आत गेले की साखळी अभिक्रिया, म्हणजे एकामागोमाग अणू फुटत जाणं, काही सेकंदांत थांबते. पण तोपर्यंत युरेनियमचे जे तुकडे झालेले असतात ते स्वतः किरणोत्सारी असतात आणि उष्णता देत राहतात, चुलीतली लाकडं ओढून काढली तरी निखारे धगधगत राहतात तसं, फक्त या निखाऱ्यांवर पाणी ओतून ते विझत नाहीत, आपापल्या वेळेनेच थंड होतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण ताकदीच्या 6 ते 7 टक्के असते, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तारापूरचं 540 मेगावॉटचं युनिट घे, ते वीज 540 करतं पण आत उष्णता साधारण 1700 मेगावॉट तयार होते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे साडेआठ मेगावॉट. तेवढी उष्णता नुसतं पाणी उकळून काढून टाकायची म्हटली तर बंद होऊन एक दिवस झाल्यावरही तासाला दहा बारा हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दर तासाला एक मोठा टँकर, आणि हे दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे. थांबलात की इंधन तापत जाणार.

11 मार्च 2011 ला तेच झालं. 9.0 चा भूकंप आला, भट्ट्या बंद झाल्या, बाहेरून येणारी वीज गेली, डिझेल जनरेटर चालू झाले, इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. साधारण 50 मिनिटांनी 14-15 मीटर उंचीचं पाणी आलं, डिझाइनमध्ये धरलेली त्सुनामी होती 5.7 मीटरची, आणि जनरेटर बहुतेक सगळे तळघरात. ते बुडाले, पंप बंद, बॅटऱ्या काहींच्या बुडाल्या, काहींच्या संपल्या. इंधनाच्या नळ्यांवरचं झिर्कोनियम तापून वाफेशी रिॲक्शन झाली, हायड्रोजन तयार झाला आणि टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितले ते स्फोट या हायड्रोजनचे होते.

याच केंद्रात 5 आणि 6 नंबरची युनिटं वाचली, का तर 6 नंबरचा एक हवेने थंड होणारा जनरेटर वरच्या जागेवर होता, तो बुडाला नाही आणि त्या एका जनरेटरने दोन्ही भट्ट्या सांभाळल्या. ओनागावा नावाचं केंद्र तर भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होतं, पण ते मुळातच समुद्रापासून 14 मीटरवर उंच बांधलेलं, ते टिकलं आणि आजूबाजूच्या गावातल्या घरं गेलेल्या लोकांनी त्याच केंद्रात आसरा घेतला. तंत्रज्ञान एकच, किनारा एकच, लाट तीच. फरक पडला तो जागा किती उंचावर घेतली आणि जनरेटर कुठे ठेवला याने.

तारापूर 1 आणि 2, हो, जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्याच उकळत्या पाण्याच्या भट्ट्या, ऑक्टोबर 1969 पासून चालू, फुकुशिमाच्या पहिल्या युनिटापेक्षाही जुन्या. पण आकाराने लहान, मूळच्या 210 मेगावॉटच्या, नंतर 160 वर आणल्या, आणि वीज गेली तरी पंपाशिवाय काही तास उष्णता काढणारा कंडेन्सर त्यांना आहे. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांमध्ये बाहेरून, अगदी अग्निशमनाच्या गाडीतूनही, भट्टीला पाणी देता येईल अशी जोडणी करून घेतली. 2020 मध्ये ही दोन युनिटं मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केली गेली, जुने पाइप बदलायला. इतक्या जुन्या भट्ट्या किती वर्षं चालवायच्या हा प्रश्न विचारायलाच हवा आणि तो विचारणारा माणूस विकासविरोधी ठरत नाही.

आपल्याकडेही वीज पूर्ण गेल्याचा प्रसंग येऊन गेलाय, त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असतं. नरोरा, उत्तर प्रदेश, 31 मार्च 1993 ची पहाट. टर्बाइनची पाती तुटली, हादऱ्याने जनरेटर थंड करायला वापरतात तो हायड्रोजन गळला, पेटला, केबल जळाल्या आणि केंद्रात सुमारे 17 तास पूर्ण अंधार. कर्मचारी टॉर्च घेऊन रिॲक्टर बिल्डिंगच्या वर चढले, हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं जेणेकरून भट्टी परत चालू होऊच नये, आणि आग विझवायचे डिझेल पंप वापरून स्टीम जनरेटरमध्ये, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार होते त्या टाक्यांमध्ये, पाणी भरत राहिले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्याच वेळी असंही वाटतं की त्या माणसांना अंधारात जिने चढायची वेळ यायला नको होती, एकाच आगीत सगळ्या केबल जळतील अशा त्या टाकायलाच नको होत्या.

प्रश्न: 2018 पासून डहाणू तलासरीत धक्के बसतायत. रात्री घराबाहेर झोपलोय आम्ही. तारापूरला धोका नाही का? (वाचक, डहाणू तालुका)

काका, धुंदलवाडी भागातले ते धक्के म्हणजे छोट्या छोट्या भूकंपांची मालिका आहे, त्यातले सगळ्यात मोठे 4 च्या आसपासचे. भूकंपाच्या मापात एक अंक वाढला की ऊर्जा साधारण 32 पट होते, म्हणजे 4 आणि 9 मध्ये जवळजवळ तीन कोटी पट अंतर. 4 च्या धक्क्याने अणुभट्टीच्या इमारतीला काही होत नाही. धोका आहे तो तुमच्या विटामातीच्या घराला, आणि तिथे जीव गेलेलाही आहे, तेव्हा घरांच्या मजबुतीसाठी मदत मागा, ते जास्त निकडीचं.

त्सुनामीचं म्हणाल तर आपल्या किनाऱ्यापासून मोठ्या भूकंपाची रेघ लांब आहे, मकरानला, पाकिस्तान इराणच्या समुद्रात. 1945 च्या नोव्हेंबरात तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि माणसं वाहून गेली होती, त्यामुळे शक्यताच नाही असं कोणी म्हणू नये. 2004 च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात पंपहाऊसमध्ये पाणी शिरलं होतं, चालू असलेलं युनिट नीट बंद करता आलं.

प्रश्न: अणुवीजेची बातमी आली की टीव्हीवर त्या मोठ्या डमरूसारख्या चिमण्या आणि पांढरा धूर दाखवतात. तो धूर विषारी असतो का? (वाचक, पुणे)

नाही, ती पाण्याची वाफ. ते कूलिंग टॉवर असतात, कोळशाच्या केंद्रांनाही असतात. तारापूरला समुद्राचं पाणी वापरतात त्यामुळे तिथे असे टॉवर नाहीतच.

प्रश्न: आम्ही मच्छीमार. जैतापूरचं अणुवीज केंद्र झालं तर गरम पाण्याने मासे मरतील का? शास्त्रज्ञ म्हणतात काही होत नाही. (नाटे परिसरातून, राजापूर तालुका)

दादा, "काही होत नाही" हे उत्तर तुम्हाला कोणी दिलं असेल तर ते अपुरं आहे. जैतापूर प्रकल्पाच्या जागी, माडबनला, 1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट असा मूळ आराखडा आहे. अणुवीज केंद्रात उष्णतेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, उरलेली समुद्रात जाते, म्हणजे इथे 17 हजार मेगावॉटच्या वर उष्णता समुद्रात. कोळशाचं केंद्रही उष्णता टाकतंच, पण कोळशाची केंद्रं एका जागी एवढी मोठी नसतात. थंड करायला समुद्रातून घेऊन परत सोडलेलं हे पाणी किरणोत्सारी नसतं, ते कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधली वाफ थंड होते तिथून, वेगळ्या नळ्यांनी जातं, भट्टीच्या पाण्यात मिसळत नाही. पण गरम असतं, आणि ते आत ओढताना त्याबरोबर अंडी, कोळंबीची पिल्लं ओढली जातात, आणि सुरक्षेसाठी केंद्रासमोरच्या समुद्रात होड्यांना बंदी येते. तुमच्या जाळ्याला फटका बसायला यातली एक गोष्टही पुरे.

याच ठिकाणी एप्रिल 2011 मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला आणि तुमच्यातला एक जण गेला. तारापूरच्या 3-4 युनिटांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली आणि पुनर्वसनाचं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. मी स्वतः अणुवीजेच्या बाजूचा आहे, कोळसा कमी करायचा तर रात्रंदिवस चालणारी वीज लागणार असं माझं मत आहे, पण ज्याची जमीन आणि समुद्र घेतला त्याला कोर्टात फिरवायचं आणि वर "लोकांना विज्ञान कळत नाही" म्हणायचं हे मला पटत नाही. "शंभर टक्के सुरक्षित" हे शब्दच अधिकाऱ्यांनी सोडून द्यावेत. 2009 मध्ये कर्नाटकातल्या कैगाच्या केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये भट्टीतलं ट्रिशियमवालं, म्हणजे किरणोत्सारी, जड पाणी मिसळलं गेलं, 2016 मध्ये गुजरातमधल्या काक्रापारच्या केंद्रात कूलंटची, म्हणजे इंधन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, नळी गळली, दोन्ही वेळा बाहेर कोणाला इजा झाली नाही. हे असं घडलं, असं आवरलं, हे बदललं, असं गावात येऊन सांगितलं तर लोक ऐकतात.

प्रश्न: रेडिएशन झालं तर आयोडीनवालं मीठ जास्त खायचं असा मेसेज फिरतोय. खरं का? (वाचक, विरार)

अजिबात नाही. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानातलं मीठ संपवलं होतं याच समजुतीने. किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइडमध्ये साठतं, ते बसू नये म्हणून आधी चांगलं आयोडीन भरून टाकायचं ही कल्पना बरोबर आहे, पण त्याची गोळी असते, मोठ्या माणसाला 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यात 100 मिलिग्रॅम आयोडीन. तेवढं मिठातून घ्यायचं तर तीन किलोच्या वर मीठ खावं लागेल, त्यानेच माणूस जाईल. गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची, वेळ महत्त्वाची असते, आणि लहान मुलं आणि गरोदर बायका आधी. 1986 च्या चेर्नोबिलच्या अणुभट्टी अपघातानंतर पोलंडने एक कोटीहून जास्त मुलांना पटकन आयोडीन दिलं. उलट चेर्नोबिलच्या आसपास मुलं दूषित दूध पीत राहिली आणि थायरॉइडचे कॅन्सर तिथेच वाढले. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या सीझियमसारख्या इतर किरणोत्सारी पदार्थांवर ही गोळी काहीच करत नाही.

प्रश्न: आमचं गाव केंद्रापासून दहा किलोमीटरच्या आत. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्यासाठी काही प्लॅन आहे का, आणि कोणाला विचारायचं? (पालघर तालुका)

आहे. केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन क्षेत्र असतं आणि कुंपणाबाहेरची जबाबदारी केंद्राची नाही, जिल्हाधिकाऱ्यांची असते, तेव्हा अर्ज कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे करा. विचारा की गावाला निरोप कसा येणार, भोंगा की फोन, आणि रात्री समुद्रात असलेल्या होड्यांना कोण कळवणार. घरात थांबायचं की निघायचं हे कोण सांगणार, बहुतेक वेळा पहिली सूचना दारं खिडक्या लावून घरात थांबा अशीच असते. निघायचं तर एसटी कुठे लागणार, कोणत्या रस्त्याने, कारण बोईसरचा रस्ता साध्या दिवशीही तुंबतो. आयोडीनच्या गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रात आहेत, एक्स्पायरी काय, किल्ली कोणाकडे. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आहे का. फुकुशिमात घाईघाईने हलवताना आणि नंतरच्या हालांमुळे दोन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात म्हातारी आणि आजारी जास्त, म्हणून हा शेवटचा मुद्दा सोडू नका. मागची मॉक ड्रिल कधी झाली, त्यात काय चुकलं आणि पुढची कधी आहे तेही विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा आणि पंचायतीच्या बोर्डावर लावा.