घरगुती हिंसाचार सोसून बाहेर पडलेल्या बायकांना नाटक-गाण्याचा खरंच उपयोग होतो का? ऐरोलीत आमचा हौशी नाट्यगट आहे. त्यांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून रंगमंचावर आणाव्यात असं वाटतंय.

उपयोग होतो, भरपूर होतो. पण त्यांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून मंचावर आणू नका. मी ठाण्यात समुपदेशकांच्या जोडीने अशा बायकांचे नाट्यवर्ग घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मार खाल्लेल्या बाईने आपली हकीकत आधीच किती जणांपुढे मांडलेली असते बघा. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, वकिलाला, अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला, माहेरच्या माणसांना. आणि बहुतेक वेळा समोरच्याचा पहिला सूर संशयाचा असतो. तेच सगळं पुन्हा दिव्यांच्या उजेडात सांगायला लावलं, तर टाळ्या नाटकाला मिळतात आणि तिची रात्र जागून जाते. शिवाय पोटगीचा किंवा मुलांच्या ताब्याचा दावा चालू असेल, तर मंचावरचा तिचा व्हिडिओ नवऱ्याचा वकील कोर्टात काढू शकतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय (कलम 16) ठेवली आहे, ती उगाच नाही. तेव्हा फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावं नाहीत. ऐरोली-घणसोलीत कोण कोणाच्या नात्यातलं निघेल, सांगता येत नाही.

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतली मुलं आपल्या जगण्याचे प्रश्न स्वतः रचून सादर करू लागली. ते काम मला फार मोलाचं वाटतं. पण त्या मुलांना नाटक संपल्यावर घरी कोणी दार लावून जाब विचारणार नव्हतं. इथे तो धोका आहे.

मग करायचं काय? तिला दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट द्या. भांडखोर शेजारीण, फौजदार, राणी, काहीही. भूमिकेच्या आडून माणूस बरंच बोलतो, आणि किती बोलायचं ते तिच्या हातात राहतं.

सुरुवात मात्र आवाजापासून करा. अनेकींना वर्षानुवर्षं दबक्या आवाजात बोलायची सवय असते, 'शेजारी ऐकतील' म्हणून. आमच्याकडे एक साधा खेळ असतो. एक बाई समोरून चालत येते, दुसरीने वाटेल तिथे 'थांब' म्हणायचं, आणि चालणारीने जागच्या जागी थांबायचं. सुरुवातीला तो शब्द हसण्यात निघून जातो, किंवा घशातच राहतो, हात आपोआप तोंडासमोर येतात. काही आठवड्यांनी तोच शब्द पोटातून येतो. आपण थांब म्हटल्यावर कोणीतरी खरोखर थांबलं, हे काहीजणी पहिल्यांदाच अनुभवत असतात. माझ्या मते सगळ्या वर्गात याहून महत्त्वाचं काही नाही. कोणी 'मी आज नुसती बसते' म्हणाली तर बसू द्या. तो नकार सुद्धा त्याच खेळाचा भाग आहे.

गाण्यासाठी बाहेरून काही आणायची गरज पडत नाही. तुमच्याकडच्या गावठाणातल्या आगरी-कोळी बायकांना धवलारणीची (लग्नविधीत बायका म्हणतात ती) गाणी माहीत असतील, साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कुटुंबांतल्या बायकांना ओव्या आणि भोंडला. ओवीत सासुरवासाचं दुःख नाव न घेता सांगता येतं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने पुढची जोडायची. रडू आलं तरी गाणं चालू राहतं, कारण बाकीच्या गात असतात. नाचाच्या बाजूने काम बघायचं असेल तर 2004 पासून चाललेल्या कोलकाता संवेद या संस्थेचं जरूर बघा.

ब्राझीलच्या आगुस्तो बोआलने रुजवलेलं फोरम थिएटर तुम्ही करणारच, हौशी गटांना ते आवडतं. प्रसंग अर्ध्यावर थांबवायचा आणि प्रेक्षकातल्या कोणी पीडितेच्या जागी येऊन वेगळं काही करून बघायचं. इथे जपा. प्रेक्षकातून उठलेला माणूस हमखास म्हणतो, 'तिने उलट एक ठेवून द्यायची!' सभागृह खूश होतं आणि मागे बसलेल्या बाईला वाटतं, मला एवढंही जमलं नाही. अशा वेळी सूत्रधाराने लगेच विचारलं पाहिजे, 'बरं, मग रात्री काय होईल? पोरं कुठे असतील? हातात पैसे किती?' असं विचारलं की उत्तरं बदलतात. शेजारणीने दार वाजवणं, कागदपत्रं आधीच मैत्रिणीकडे ठेवणं, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करणं असे मार्ग लोक शोधू लागतात. हा प्रयोग वस्तीतल्या लोकांसाठी करा आणि पीडितेची भूमिका तुमच्या गटातल्या नटीला द्या. 'मुलगी झाली हो' हे नाटक 1983 पासून स्त्रीमुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या करत आल्या, त्यातही कोणा एकीची हकीकत नाही, समस्त बायकांची आहे.

वर्गाच्या वेळी खोलीत समुपदेशक हवीच. ती मिळत नसेल तर सुरू करू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष साहाय्य कक्ष आता राज्यात अनेक ठिकाणी आहेत, तिथे आधी जाऊन बोला. मुलांना सांभाळायला शेजारची खोली आणि एक माणूस ठेवा. रिक्षाचं भाडं हातात द्या. वेळ दुपारची, मुलं शाळेत असतानाची.

प्रयोगाची तारीख आधी ठरवू नका. बायकाच म्हणाल्या की आम्हाला करून दाखवायचंय, तर कोणासमोर, कुठे आणि कोणतं नाव लावून, हे त्यांना ठरवू द्या.