वाचकांचे प्रश्न : हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा का जाते?

प्रश्न : माझा डिझेल टेम्पो वागळे इस्टेटमधून घोडबंदर रस्त्याने वसईकडे माल नेतो. गेल्या उन्हाळ्यात गायमुखच्या चढावर कोंडीत अडकून गाडी तापली आणि हेड गॅस्केट गेले. नवे बसवले, ते चार महिने टिकले. दुसऱ्या वेळी मेकॅनिकने जुनेच बोल्ट पान्याला पाइप जोडून, अंगातले सारे बळ लावून आवळले. अडीच महिन्यांत पुन्हा पाणी उतरून ऑइल दुधाळ झाले. बोल्ट याहून घट्ट करण्याचा काही उपाय आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोनदा झालेला खर्च आणि बुडालेल्या फेऱ्या पाहता आपली घालमेल समजते, परंतु बोल्ट याहून घट्ट करू नका, कारण दुसरे गॅस्केट जाण्यात त्या पाइपाचाही हात असण्याची दाट शक्यता आहे. बोल्ट ही खरे तर एक ताठ स्प्रिंग असते. ती आवळली की केसभर लांबते, मूळ लांबीवर परतण्यासाठी ओढ घेते, आणि त्या ओढीनेच हेड (सिलिंडरवरचे झाकण) ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य धडावर) दाबले जाऊन मधले गॅस्केट पाणी, ऑइल आणि सिलिंडरमधला वायू यांना आपापल्या जागी रोखून धरते. ताण मर्यादेपलीकडे गेला की पोलाद कायमचे लांबते. त्यापुढे पाना फिरत राहिला तरी दाब फारसा वाढत नाही, बोल्ट मात्र बारीक होत तुटण्याकडे सरकतो. असा बोल्ट नव्या बोल्टाशेजारी उभा धरला तर लांबीतला फरक नजरेला दिसतो, आणि आट्यांच्या जरा वर बोट फिरवले तर त्याची कंबर बारीक झालेली लागते.

हाताच्या अंदाजात आणखी एक फसगत आहे. पान्यावर लावलेल्या बळाचा जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. उरलेले सारे बळ बोल्टाच्या डोक्याखालचे आणि आट्यांमधले घर्षण खाऊन टाकते. खाडीकाठच्या दमट हवेत गंज धरलेला बोल्ट त्यामुळे हाताला घट्ट लागतो आणि प्रत्यक्षात हेडला पुरेसा दाबतच नाही. याउलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेले आवळण्याचे माप तेल लावलेल्या आट्यांवर वापरले, तर त्याच मापाला बोल्ट नको इतका ताणला जातो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, आणि ते कोरडे ठेवायचे की तेल लावायचे, हे आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेतच पाहावे.

या संदर्भात तुर्भ्याजवळच्या एका गॅरेजातला प्रसंग सांगायलाच हवा. तिथे हेड टॉर्क रेंचने (लावलेले माप पूर्ण झाले की ‘कट’ आवाज करणाऱ्या पान्याने), अगदी पुस्तिकेच्या मापाने बसवले होते, तरी गॅस्केट महिनाभरात गेले. ते उजेडात धरले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधल्या पट्टीवर बोटभर रुंदीचा काळा ओघळ होता. त्याला लागून असलेल्या बोल्टाच्या भोकात आम्ही कापूस गुंडाळलेली काडी घातली, तर तळाशी चमचाभर जुने ऑइल आणि पाणी साचलेले निघाले. ब्लॉकमधले ते भोक खाली बंद असते. बोल्ट त्या द्रवावर टेकला, द्रव दाबला जात नाही, रेंचने माप पूर्ण झाल्याचे सांगितले आणि हेडवर दाब काहीच आला नाही. असे भोक वेळेवर लक्षात आले नाही, तर त्या दाबाने ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. तेव्हा बोल्ट घालण्यापूर्वी प्रत्येक भोक काडीने किंवा हवेने कोरडे करून घ्या, हवा मारताना डोळ्यांवर चष्मा लावा, आणि आपली दोन्ही जुनी गॅस्केट मिळाली तर काळा ओघळ नेमका कुठे आहे हे आधी पाहा. दोन्हींवर एकाच जागी ओघळ असेल, तर दोष गॅस्केटमध्ये शोधण्यात अर्थ नाही. तो हेडच्या किंवा ब्लॉकच्या त्या जागेत आहे.

गाडी तापून गेली असल्यामुळे हेड वाकले असण्याची शंका मला सर्वाधिक वाटते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल तर ते लवकर वाकते. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पोलादी पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) सरकवून पाहावा. अनेक इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या पुढचा फरक चालत नाही; म्हणजे डोळ्यांना सपाट दिसणारे हेडही नापास होऊ शकते. वाकलेल्या हेडचे फेसिंग (यंत्रावर तासून सपाट करणे) करून घ्यावे लागते, मात्र किती धातू काढता येतो यालाही मर्यादा असते. जुने गॅस्केट खरवडताना ग्राइंडरची खरखरीत चकती वापरू देऊ नका. ती ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडते आणि तिची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोहोचते. फार जुन्या गाडीच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नये, ओले करूनच काढावे.

आवळताना मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जावे, आणि हा फेरा दोन-तीन टप्प्यांत, दर टप्प्याला माप वाढवत पूर्ण करावा, म्हणजे हेड मधून बाहेरच्या बाजूला सपाट बसत जाते. सोडवताना क्रम उलटा, टोकांकडून मध्याकडे, आणि तोही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. काही इंजिनांत ठरावीक मापानंतर बोल्ट आणखी ९० अंश फिरवण्याची सूचना असते. असे बोल्ट मुद्दाम ताणाच्या मर्यादेपर्यंत नेलेले असतात, म्हणून ते एकदाच वापरायचे. आपल्या इंजिनात ते तसे नसले तरी पाइप लावून आवळलेले बोल्ट आता बदलाच. आणि गाडी मुळात तापली का, याचा शोध लागल्याशिवाय हेड बसवू नका : रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत असाल तर तेही थांबवा. त्याने हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडल्या जातात आणि गॅस्केटला टेकायला जागाच उरत नाही.

प्रश्न : मोटारसायकलची कामे घरीच करता यावीत म्हणून टॉर्क रेंच घेतला. क्लच कव्हरच्या बोल्टाला पुस्तिकेप्रमाणे १० वर लावला, पण ‘कट’ असा आवाज येण्याआधीच आटे गेले. चूक कुठे झाली?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी रेंचवरचे एकक तपासा. पुस्तिकेतले १० बहुधा न्यूटन-मीटरमध्ये असावे, कारण ६ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण तेवढेच माप लागते. तेच १० फूट-पौंडांत घेतले तर सुमारे १३.६ न्यूटन-मीटर होतात, आणि किलोग्रॅम-मीटरमध्ये घेतले तर जवळजवळ ९८! एकक बरोबर असेल, तर रेंच या कामासाठी फार मोठा आहे. असा पाना त्याच्या कमाल मापाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली भरवशाचा राहत नाही आणि तिथे त्याचा आवाजही इतका हलका असतो की तो हाताला जाणवतच नाही. लहान बोल्टांसाठी वेगळा, लहान रेंच घ्या. १५ सेंटिमीटर लांबीच्या साध्या पान्यावर १० न्यूटन-मीटर म्हणजे टोकाशी साधारण सात किलोंचा जोर. हाताला तो किती कमी वाटतो, हे वजनकाट्याने पान्याचे टोक ओढून एकदा अनुभवून पाहा.

गेलेले आटे हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून मूळ मापातच परत मिळतात. भोक मोठे करून जाड बोल्ट घालू नका. रेंच ठेवताना त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवा.

प्रश्न : माझ्या स्कूटरच्या टॅपेट कव्हरमधून ऑइल झिरपते. दर वेळी बोल्ट आवळून दिले जातात, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आता सिलिकॉन लावू, असे सांगतात. लावू द्यावे का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. तिथले रबरी गॅस्केट उष्णतेने कडक झाले आहे आणि कडक रबर दाबून मऊ होत नाही. शिवाय अनेक कव्हरांचे बोल्ट पायरीचे असतात; पायरी टेकली की कव्हरवरचा दाब वाढत नाही, पुढे आवळले तर फक्त आटे जातात. नवे गॅस्केट आणि बोल्टांखालचे नवे रबरी वायसर बसवायला सांगा, खाच कोरड्या कापडाने पुसून घ्यायला सांगा, आणि ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी) नळी तुंबलेली नाही ना हेही पाहायला सांगा, कारण ती तुंबली की आतला दाब नव्या गॅस्केटमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. सिलिकॉन सांगितलेल्या कोपऱ्यांवर, तांदळाच्या दाण्याएवढे लावले तर हरकत नाही. सर्वत्र थापले तर आत निघालेली त्याची वळी सुटते आणि ऑइलच्या जाळीत जाऊन अडकते.