मॅडम, पंखा बंद करता का?

मे महिना, दुपारचे चार. नाशिकचा मे आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. अशा उकाड्यात समोर बसलेला २८ वर्षांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पंखा बंद करता का? सर्दी झालीय."

सर्दी नव्हती. आल्या आल्या त्याने खुर्ची पंख्याखालून सरकवली होती, ट्यूबलाइटकडे एकदा बघून घेतलं होतं आणि टोपी काढली नव्हती. माझ्याकडे येऊन पंखा बंद करायला लावणारा हा तिसरा मुलगा. पहिल्याच्या वेळी मला खरंच सर्दी वाटली होती, मी त्याला आल्याचा चहा विचारला होता. वाऱ्याने वरचे केस उडतात आणि खालची टाळू दिसते, हे कळायला मला दुसरा यावा लागला.

मी समुपदेशक. "केस लावून घेऊ का?", म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट करून घेऊ का, हा प्रश्न अलीकडे मला इतक्या वेळा विचारला जातो की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नको' एवढंच हवं असतं. मी दोन्ही देत नाही, आणि त्यावर काही जण चिडतातही.

या मुलाला आपण सौरभ म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनियर, पगार चांगला, घर स्वतःचं, दोन वर्षांपासून स्थळं बघणं चालू. पहिल्या भेटीला वडील बरोबर होते. त्यांचं डोकं पूर्ण गुळगुळीत, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसावं, कारण घाम पुसताना ते रुमाल कपाळावरून थेट मानेपर्यंत फिरवत. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. कानपूरची बातमी: हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनियर दगावल्याचा आरोप, आणि ट्रान्सप्लांट करणारी व्यक्ती दातांची डॉक्टर. "हाही इंजिनियरच आहे," ते म्हणाले. "केसांपायी जीव घालवायचा का? अनुपम खेर बघा."

"बाबा, मी अनुपम खेर नाहीये," सौरभ म्हणाला, आणि त्यानंतर अर्धा तास गप्प बसला.

वडिलांची काळजी खरी होती, पण त्यांचा बाण चुकत होता. सुरुवातीच्या काळात मीही तोच बाण मारायचे. 'रूपात काय आहे, माणूस कर्तबगार हवा' वगैरे. समोरचा मान डोलवायचा, फी द्यायचा आणि पुन्हा यायचा नाही. ज्याला दुखतंय त्याला 'दुखत नाही' असं सांगण्यासारखंच ते होतं. लग्नाच्या बाजारात केस बघतात. बघतातच. ते नाकारून समुपदेशन सुरू करता येत नाही.

दुसऱ्या भेटीला तो एकटा आला. माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून मी सरळ 'तू' म्हणायला लागले. त्याने त्याचा दिवस सांगितला. सकाळी टाळूवर काळी पावडर, म्हणजे केसांचे बारीक तंतू शिंपडायचे, वर स्प्रे मारायचा. आईला उशीचे अभ्रे वेगळे धुवावे लागतात. प्लांटवर हेल्मेट सक्तीचं. "तेवढे आठ तास सुखाचे जातात मॅडम. बाकी सगळे कंटाळतात, मी लंचलाही काढत नाही." (हेल्मेटमुळे टक्कल पडतं असं वडिलांचं ठाम मत. तसं काही नसतं.)

मग त्याने जानेवारीतला कांदेपोह्यांचा कार्यक्रम सांगितला. बैठकीच्या खोलीत नेमका पंख्याखालचा सोफा वाट्याला आला. पोह्यांची बशी हातात, वर पंखा गरगरतोय, आणि मुलीचा मामा एकदा मोबाइलमधल्या फोटोकडे, एकदा याच्याकडे बघतोय. "फोटो कधीचा आहे हो?" मामाने विचारलं. चार वर्षांपूर्वीचा होता. नकार आला, कारण कळवलं नव्हतं. पण सौरभने कारण तेव्हाच ठरवून टाकलं. पाठोपाठ फेब्रुवारीत टायफॉइड झाला, एप्रिल-मेमध्ये केस पुंजक्यांनी हातात यायला लागले, आणि तो रात्री बारा वाजता मोबाइलवर क्लिनिक शोधायला लागला.

ज्या क्लिनिकमध्ये तो जाऊन आला, तिथे डॉक्टर भेटले नाहीत. भेटल्या 'काउन्सेलर' मॅडम. त्यांनी कपाळावर पेन्सिलने रेघ मारली, चार हजार ग्राफ्ट (मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे बारीक पुंजके) सांगितले, आज बुकिंग केलं तर निम्म्या किमतीत आणि हप्त्याने. आमच्या पेशाचं नाव असं विक्रीच्या टेबलावर बसलेलं पाहून माझा पारा चढतो. समुपदेशक कधीही 'आजच ठरवा' म्हणत नाही. ज्या क्षणी कुणी तसं म्हणेल, त्या क्षणी ओळखावं की समोर कोण बसलंय.

माझ्या कामाचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांचा आहे. त्यातली एकच गोष्ट मला रोज उपयोगी पडते: 'मला हवंय' आणि 'मला हवंच' या दोन वाक्यांत जो एका 'च'चा फरक आहे, तो शोधायचा. 'हवंय' म्हणणारा माणूस किंमत विचारतो, दोन दुकानं फिरतो. 'हवंच' म्हणणाऱ्याला धोका सांगून उपयोग नसतो, त्याच्या कानापर्यंत तो पोचतच नाही. सौरभने कानपूरची बातमी वडिलांच्या आधीच वाचली होती. तरीही पाच हजार रुपये आगाऊ भरून आला होता.

चौथ्या भेटीत ती गाठ सुटली. ती कशी सुटली हे मी विद्यार्थ्यांना आजही सांगते, कारण त्या दिवशी मी फार काही केलं नाही.

"केस कधी दिसायला लागतील, असं सांगितलंय?" मी विचारलं.

"पाच दिवसांत ऑफिसला जाता येतं म्हणाले."

"ऑफिसचं नाही विचारलं. केसांचं."

त्याला माहीत नव्हतं. मी कागद पुढे केला आणि आम्ही महिने लिहायला बसलो. डोकं भादरावं लागतं. पहिले दहा-बारा दिवस खपल्या. मग दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस बहुतेक गळून जातात. मूळ आत राहतं, वरचा केस जातो. आजूबाजूचे जुने केसही धक्क्याने काही काळ गळू शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक कोंब, आणि खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी.

"म्हणजे पुढचा मे," तो म्हणाला.

"हो. जूनमध्ये दोन स्थळं आहेत ना?"

"ती पुढे ढकलीन."

"आणि चुलतभावाचं लग्न?"

"जाईन की तसाच. वर्षभराचा तर प्रश्न आहे मॅडम. वर्षभर काढेन, त्यात काय!"

मी काहीच बोलले नाही. पंखा बंद होता, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "असं का बघताय?"

"आत्ता आहेत त्याहूनही कमी केसांनी वर्षभर काढशील म्हणालास. सहज म्हणालास."

तो हुशार मुलगा. लगेच म्हणाला, "पण तेव्हा पुढे केस येणार आहेत हे माहीत असेल ना!"

मुद्दा बिनतोड होता, आणि तो त्याने काढला याचा मला आनंद झाला. "म्हणजे कमी केस तू सहन करू शकतोस. सहन होत नाही ते 'आता हे असंच राहणार' हे वाक्य. बरोबर?"

तो कागदाकडे बघत राहिला. मग विचारलं, "आणि असंच राहिलं तर?"

"तूच सांग."

"लग्न जमायला अवघड जाईल." आठवडाभरापूर्वी हेच वाक्य 'लग्न होणारच नाही' असं होतं. मी ते दाखवून दिलं नाही. मी एवढंच म्हणाले, "बाबांचं झालं की."

"बाबांना लग्नात केस होते!" तो म्हणाला आणि हसला. पहिल्यांदाच. घामाने त्याची टोपी ओली झाली होती. ती त्याने काढली, मांडीवर ठेवली आणि उठून स्वतःच रेग्युलेटर तीनवर फिरवला.

त्यानंतरच्या तीन भेटी ट्रान्सप्लांटवरच गेल्या, कारण आता त्याला ऐकू येत होतं. त्या भेटींतलं जे बाकीच्यांच्या उपयोगाचं आहे ते इथे सांगते. मी डॉक्टर नाही, पण काय विचारायचं ते इतक्या वर्षांत चांगलं कळलंय.

सगळ्यात आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं आणि केस का जातायत हे विचारायचं. टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरभरून गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. थायरॉइड, शरीरातलं लोह कमी असणं, चाई, या प्रत्येकाचा उपचार वेगळा. अशा गळतीच्या ऐन भरात ट्रान्सप्लांटची तारीख घेणं म्हणजे पूर ओसरायच्या आत घराचा रंग निवडणं. सौरभचं निम्मं गळणं टायफॉइडचंच निघालं. उरलेलं बाबांचं.

दुसरं, डोक्याच्या मागच्या बाजूचे केस ही ठेव आहे, आणि ती एकदाच मिळते. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की मागचा केस पुढे लावला तरी मागचाच स्वभाव टिकवतो, म्हणून तो सहसा गळत नाही. पण काढला त्या जागी पुन्हा उगवत नाही. आणि पुढचे मूळचे केस त्यांच्या स्वभावाने जातच राहतात. पंचविशीच्या आत किंवा टक्कल भराभर वाढत असताना कपाळावर अगदी खाली रेघ मारून घेतली, तर दहा वर्षांनी पुढे लावलेल्यांचा पट्टा, मागे मोकळं मैदान, आणि ठेव संपलेली. म्हणून 'किती ग्राफ्ट लावाल?' यापेक्षा 'किती शिल्लक ठेवाल?' हे विचारावं. एका बैठकीत प्रचंड आकडा सांगणाऱ्याकडून तर उठूनच यावं.

तिसरं, हात कुणाचा? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचं आहे, प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञांचं. कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून शिकलेल्यांचं नाही. डॉक्टर भेटल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. भूल कोण देणार, अॅलर्जीचा झटका आला तर ऑक्सिजन आणि औषधं त्याच खोलीत आहेत का, रात्री दोनला सूज वाढली तर फोन कोण उचलणार, हे तोंडावर विचारायचं. आपला रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सिगारेट, काही लपवायचं नाही.

चौथं औषधांचं. ट्रान्सप्लांट केलं तरी उरलेले केस टिकवायला बहुतेकांना औषध चालू ठेवावं लागतं, हे विकताना कुणी सांगत नाही. मिनॉक्सिडिल लावल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते, आणि बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं. फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या गोळीने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, काहींचं मन खचतं. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. लाजून हे न बोललेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि काहीच न करणं किंवा डोकं साफ करून मोकळं होणं, हेही पर्यायांच्या यादीत लिहायचं. सौरभने ते शेवटी लिहिलं, बारीक अक्षरात. पण लिहिलं.

मी ट्रान्सप्लांटच्या विरोधात आहे असा समज नको. चाळिशी ओलांडलेले एक शिक्षक माझ्याकडे आले होते. "नाही केले तरी माझं अडत नाही, पण आवडेल मला," म्हणाले. त्यांनी नीट चौकशी केली, करून घेतलं, खूश आहेत. दुसऱ्या एकाचे केस त्यांच्याहून छान आले. तो महिनाभर आरशात मोजत बसला आणि मग नाक घेऊन आला. वाकडं आहे का, म्हणून. मागचा केस पुढे लावला तरी स्वभाव सोडत नाही तसंच भीतीचं असतं, हे मला त्याने शिकवलं. एकाच शारीरिक दोषाच्या विचारात दिवसाचे तासन्तास जात असतील, तर सर्जनच्या आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

सौरभचे पाच हजार बुडाले. त्याने डॉक्टरांशी बोलून औषध सुरू केलं आणि ट्रान्सप्लांटचा विचार वर्षभरासाठी बाजूला ठेवला. कदाचित करेलही. तो त्याचा प्रश्न.

दिवाळीनंतर तो एकदा येऊन गेला. विवाहसंस्थेतला फोटो बदललाय म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. चुलतभावाच्या हळदीतला फोटो: डोकं ओलं, केस चिकटलेले, टाळूवर हळदीचा पिवळा ओघळ, आणि तो तोंड उघडून हसतोय. बहिणीने काढलेला.

"या फोटोवर दोन नकार आले," त्याने सांगितलं.

"का?"

तो क्षणभर थांबला. "कारण कळवलं नाही मॅडम. मला माहीत नाही."