आजोबांच्या घराचा नंबर कुठे गेला?

प्रश्न : माझ्या आईचं माहेर पुण्याच्या नारायण पेठेतलं. आजोबांच्या एका जुन्या कार्डावर घर नंबर, त्यापुढे तिरकी रेघ आणि ३ असा पत्ता आहे. गेल्या महिन्यात आईला घेऊन ते घर शोधायला गेले. अलीकडचा नंबर सापडला, पलीकडचाही सापडला, पण हे घर काही मिळालं नाही. समोरच्या बाजूला तर भलतेच नंबर. माझी लेक प्रागला असते. तिच्या इमारतीच्या दारावर लाल आणि निळी अशा दोन पाट्या आहेत आणि दोन्हींवर नंबर वेगळे. घरांना नंबर देतात तरी कसे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पुणे ३० मध्ये मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. तुमच्यासारखी कार्ड हातात घेऊन दारोदार फिरणारी माणसं दर उन्हाळ्यात भेटायची, म्हणून तुमच्या पत्राला आधी उत्तर देतो आहे.

लेकीच्या दारावरची लाल पाटी आणि आजोबांचा नंबर ही सख्खी भावंडं समजा. १७७० च्या सुमारास ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या राज्यात (प्राग तेव्हा त्यातच होतं) घरांना नंबर पडले ते सैन्यभरतीसाठी. कुठल्या घरात किती पुरुष आहेत, याची सरकारला नोंद हवी होती. टपाल किंवा पाहुणे यांचा विचार त्यात नव्हता. अख्ख्या वस्तीची नंबरांची मालिका एकच, आणि नवं घर कुठेही उभं राहो, त्याला पुढचा नंबर. त्यामुळे पुढे शेजारी-शेजारी तीस आणि सातशे असे नंबर येऊ लागले. मग एकोणिसाव्या शतकात प्रत्येक रस्त्याचे वेगळे नंबर आले, एका हाताला विषम, दुसऱ्या हाताला सम. ती निळी पाटी. पॅरिसमध्ये तर १८०५ पासून नदीवरून मोजतात : सेन नदीपासून निघणाऱ्या रस्त्याचा पहिला नंबर नदीकडच्या टोकाला, आणि नदीला समांतर रस्ता असेल तर प्रवाहाच्या दिशेने नंबर वाढत जातात.

आपल्या पेठांमध्ये ती निळी पाटी कधी आलीच नाही. पत्ते आठवून बघा. केसरीवाडा ५६८ नारायण पेठ, भारत इतिहास संशोधक मंडळ १३२१ सदाशिव पेठ, केळकर संग्रहालय १३७७-७८ शुक्रवार पेठ. रस्त्याचं नाव घातलं तर सोय म्हणून, नंबर पेठेचा. या पेठा पेशवाईतल्या. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या. आजचे मोठे रस्ते त्यांच्या पोटातून नंतर गेले. बाजीराव रस्त्यावर बऱ्याच अंतरापर्यंत एका हाताला सदाशिव आणि दुसऱ्या हाताला शुक्रवार आहे. मग समोरासमोरचे नंबर जुळणार कसे? तुम्ही रस्ता धरून चालत होता, नंबर मात्र जमिनीच्या तुकड्याला चिकटलेला असतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण पत्ते जुन्याच नंबरांचे राहिले.

आम्ही सकाळी बीटचं, म्हणजे ज्याला जो भाग वाटून दिला असेल त्याचं टपाल लावायचो तेव्हा नंबरांच्या क्रमाने कधीच लावलं नाही. पाय जसे जातील तसं लावायचं. वाड्याचं पुढचं दार, जिना, मागचं अंगण, मागच्या दाराने बोळात, बोळातून पुढचा वाडा. नवा पोस्टमन आला की काही दिवस जुन्याच्या मागे फिरायचा, कारण हा क्रम कुठल्या कागदावर नसायचा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण ते सहा आकडे पत्र पोस्टापर्यंत आणून सोडतात. तिथून दारापर्यंत माणूसच लागतो.

आता तुमची तिरकी रेघ. भावाभावांत वाडा वाटला गेला की मूळ नंबर तोच राहायचा आणि वाट्यांना पुढे १, २, ३ लागायचे. पुढचा दर्शनी भाग बहुधा थोरल्याकडे. माझ्या बीटवर अशा एका वाड्याचे दोन वाटे रस्त्यावर होते आणि तिसऱ्याचं दार मागच्या बोळात, जेमतेम सायकल जाईल एवढ्या जागेत. चौकटीवर तळहाताएवढी पत्र्याची पाटी, तिच्यावर तेलरंगाचे इतके हात बसलेले की आकडा डोळ्यांना दिसायचा नाही, बोट फिरवलं तर लागायचा. तिथे येणारी मनीऑर्डर द्यायला गेलो की आजी आधी पाणी द्यायच्या, मग सही करायच्या.

तुमचं घरही असंच मागे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुमचा पूर्ण नंबर मी इथे छापत नाही. पुन्हा जाल तेव्हा मूळ नंबराच्या इमारतीला पूर्ण वळसा घाला, मागच्या बोळातून. तिथेही नाही मिळालं तर नगर भूमापन कार्यालयात नकाशा बघा आणि मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल मागा. मात्र कार्डावरचा घर नंबर आणि तिथला सिटी सर्व्हे नंबर एकच असेल असं धरून चालू नका. काही घरांना जुना आणि नवा असेही दोन नंबर असतात, तेव्हा दोन्ही विचारा. त्याआधी त्या भागातल्या पोस्टात सकाळी लवकर जा, बीट सुटायच्या आत, आणि कार्ड दाखवा. आईंनाही बरोबर न्या. आजोबांचं आडनाव आणि शेजारच्या बिऱ्हाडांची नावं त्यांनाच सांगता येतील.