लखोबा निभावतो, पणशीकर वठवतात

प्रश्न : सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाआधीच्या निवेदनात प्रभाकर पणशीकरांविषयी एक वाक्य ऐकलं : ‘या अष्टपैलू नटाने ‘तो मी नव्हेच’मधल्या पाचही भूमिका लीलया निभावल्या.’ अष्टपैलू तर क्रिकेटपटूला म्हणतात. नटाला हरहुन्नरी म्हणायला नको का?

उत्तर : अष्टपैलू म्हणा, खुशाल म्हणा. पैलू हा फारसी ‘पहलू’, म्हणजे बाजू. हिऱ्याला पैलू पाडतात, तिथून तो माणसाला लागला. क्रिकेटवाल्यांनी उचलला म्हणून नाटकवाल्यांनी सोडायचं कारण नाही. हरहुन्नरीत ‘हुनर’ आहे, म्हणजे कसब. जो नट प्रसंगी नेपथ्य लावतो, पेटी वाजवतो, हिशेबही बघतो, तो हरहुन्नरी. एकच कला, पण तिच्या अनेक बाजू लखलखतात, तो अष्टपैलू. औरंगजेब आणि प्राध्यापक विद्यानंद या दोन भूमिका ज्याच्या एकाच देहात मावल्या, त्या पंतांना, म्हणजे पणशीकरांना, अष्टपैलूच शोभतं.

पण त्या वाक्यातला खरा खडा तुमच्या दाताखाली आलाच नाही, याचं मला नवल वाटतं. तो खडा आहे ‘निभावल्या’. ‘प्रमुख भूमिका निभावली’, ‘आईची भूमिका उत्तमरीत्या निभावली’ असं सूत्रसंचालक रोज बोलतात, नाट्यपरीक्षणांत रोज छापून येतं, आणि पुरस्काराच्या मानपत्रांत तर ते सोनेरी अक्षरांत असतं. ज्याचं कौतुक करायचं त्याला आपण काय म्हणतो आहोत, याचा क्षणभरही विचार होत नाही.

मराठीत निभावणं म्हणजे काय, ते शब्दकोशाआधी सोलापूरच्या रस्त्यावर ऐकावं. पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यातून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मामांना ‘काय, कसं चाललंय?’ विचारा. उत्तर येतं, ‘निभायलंय बघा.’ म्हणजे सुताचे भाव चढलेत, चादरीला उठाव नाही, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, तरी दिवस ढकलतोय. एका क्रियापदात एवढा सगळा भार आहे. वेळ निभावून नेली, पाहुण्यांचं कसंबसं निभावलं, एवढ्या पगारात निभाव लागत नाही : कुठलंही वाक्य घ्या, तिथे अडचण आहे, ओझं आहे आणि त्यातून जेमतेम पार पडणं आहे. मग पणशीकरांनी भूमिका निभावल्या म्हणजे काय केलं? कशाबशा उरकल्या? गौरवाच्या भाषणात आपण नटाला काठावर पास करून टाकतो.

यावर दोन पक्ष उभे राहतात आणि मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिला पक्ष शुद्धीवाद्यांचा. त्यांचं म्हणणं, निभावणे हा हिंदी शब्द, वाहिन्यांनी मराठीत घुसवला, तो हाकलून द्या. हे साफ चूक आहे. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘निभणे’ आणि ‘निभाव’ भेटतात, तेव्हा कुठल्या वाहिन्या होत्या? शब्द आपला आहे. ‘भूमिका निभावणे’ ही जोडी मात्र आपली नाही, ती हिंदी ‘भूमिका निभाई’ची नक्कल आहे. घुसखोरी जोडीची झाली आणि हे शब्दाला हद्दपार करायला निघाले.

दुसरा पक्ष उदारमतवाद्यांचा. ते म्हणतात, कोशात निभावणेचा अर्थ ‘पार पाडणे, तडीस नेणे’ असाही आहे, मग भूमिका पार पाडली यात बिघडलं काय? बिघडलं असं की कोश शब्दाचा अर्थ सांगतो, त्याची सोबत सांगत नाही. जबाबदारी निभावतात, शब्द दिला तर तो निभावतात, मैत्री निभावतात, कारण ही सगळी माणसाने अंगावर घेतलेली बंधनं आहेत. तालीम करकरून, रात्ररात्र जागून ज्याची वाट पाहिली ती भूमिका नटाला बंधन वाटत असेल, तर त्याने दुसरं काहीतरी करावं.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. या निभावणेचं मूळ कुठे जातं? संस्कृत ‘निर् + वह्’कडे. वह् म्हणजे वाहून नेणे. वाहन, प्रवाह, विवाह ही सगळी त्याचीच प्रजा. निर्वह् म्हणजे शेवटपर्यंत वाहून नेणे, पार नेणे. त्यावरून निर्वाह, म्हणून उदरनिर्वाह. उत्तरेकडच्या बोलींत ‘व’चा ‘ब’ होतो, आपली वीज तिकडे बिजली होते, वरीस बरस होतं. त्याच वाटेने विवाहाचा ‘ब्याह’ झाला आणि निर्वाहाचा ‘निबाह’. मग ‘ब’ आणि ‘ह’ एकमेकांत मिसळले आणि ‘निभा’ तयार झालं. म्हणजे निभाव आणि ब्याह हे सख्खे भाऊ! आपल्या निभावणेतला तो ‘भ’ पाहता शब्द उत्तरेकडून फिरून आला असावा, हे शुद्धीवाद्यांना मी मोकळ्या मनाने देतो. पण आल्याला इतकी वर्षं झाली की त्याला पाहुणा म्हणण्यात अर्थ नाही.

आणि खरी मौज तर पुढेच आहे. याच निर्वह् धातूपासून झालेला ‘निर्वहण’ हा शब्द थेट भरताच्या नाट्यशास्त्रात बसलेला आहे! नाटकाच्या कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत बीज पेरलं जातं, मधल्या संधींत ते उगवतं, दिसेनासं होतं, संकटात सापडतं, आणि आधी विखुरलेले सगळे धागे शेवटी एकत्र आणून फळापर्यंत पोचवणं, ते निर्वहण. शाकुंतलात सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात दुष्यंत, शकुंतला आणि त्यांचा मुलगा भरत एकत्र येतात, ते निर्वहण. यंत्रमागावरच्या मामांचं ‘निभायलंय बघा’ आणि भरतमुनींचं निर्वहण एकाच धातूचे! असं काही सापडलं की मला त्या दिवशी जेवण गोड लागतं.

इथे कुणी म्हणेल, झालं तर मग, शब्द मुळात रंगभूमीचाच आहे, भूमिका निभावली म्हणू द्या की. नाही. निर्वहण कथेचं होतं, भूमिकेचं नव्हे. आणि मराठी रंगभूमीने हा भेद आपल्या बोलण्यात अगदी नेमका जपला आहे. प्रयोगाच्या दिवशी सकाळी एखादा नट तापाने फणफणतो, तिकिटं विकली गेलेली असतात, कुणीतरी दुपारभर संहिता डोळ्यांखालून घालून संध्याकाळी उभा राहतो, विंगेतून वाक्यं पुरवली जातात आणि शेवटचा पडदा पडतो. तेव्हा रंगपटात म्हणतात, ‘प्रयोग निभावला.’ इथे शब्द शंभर टक्के बरोबर आहे आणि ही मोठी शाबासकी आहे. प्रयोग निभावतात, भूमिका वठवतात. नाटकवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ते तर आपसांत ‘भूमिका’सुद्धा म्हणत नाहीत, ‘काम’ म्हणतात : ‘पंतांचं काम बघितलंस का?’

माझं मत तर याहून पुढचं आहे. ‘तो मी नव्हेच’ हे आचार्य अत्र्यांचं 1962 चं नाटक निभावणे आणि वठवणे यांतला फरक शिकण्याची पाठशाळा आहे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. फिरत्या रंगमंचावर तोच माणूस कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी दाजीशास्त्री, कधी राधेश्याम महाराज होऊन समोर येतो. ही सोंगं कोण घेतंय? लखोबा. त्याला ती निभावून न्यायची आहेत. एक धागा सुटला की तुरुंग, म्हणून प्रत्येक सोंग त्याच्यासाठी ओझं आहे, धोका आहे. तो निभावतोच. पणशीकर मात्र निभावत नाहीत. त्यांना कॅप्टन परांजप्यांची ऐट दाखवायची आहे, राधेश्याम महाराजांचा भक्तीचा आव दाखवायचा आहे, आणि त्या प्रत्येकाच्या आत बसलेला लखोबा प्रेक्षकाच्या नजरेतून निसटू द्यायचा नाही. सोंग इतकंही खरं होता कामा नये की लखोबा हरवेल, आणि इतकंही खोटं नको की ते बळी पडलेले लोक मूर्ख वाटतील. हे वठवणं आहे. म्हणून सोलापूरच्या त्या निवेदकाचं वाक्य लखोबाबद्दल असतं तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पणशीकरांबद्दल ते अन्याय करतं.

‘वठवणे’ला काही जण बिचकतात, कारण झाड वठतं ते वाळतं. त्यांना विचारतो, माणूस वठणीवर येतो तेव्हा वाळतो का? चित्र हुबेहूब वठलं म्हणजे वाळलं का? माझी अटकळ अशी की या सगळ्यांत मुळाशी एकच कल्पना आहे : लवलव संपून पक्का आकार येणं. झाडाचा ओलावा जातो, उरतो तो कायमचा आकार. उनाड पोराची चंचलता जाते, तो वठणीवर येतो. कागदावरची व्यक्तिरेखा नटाच्या अंगात घट्ट बसते, ती वठते. एका विद्वान स्नेह्यांना ही व्युत्पत्ती ओढाताणीची वाटते. त्यांनी झाडाचं वठणं आणि भूमिकेचं वठणं हे दोन निराळे शब्द आहेत असं दाखवून द्यावं, नुसती मान हलवू नये.

आणि एवढं करून ज्यांना वठवणे पटतं, ते पुष्कळदा ‘वटवली’ लिहितात. वटवतात तो धनादेश. वटवली हुंडी, वटणावळ दिली, तो व्यवहार ‘ट’चा. उलट न्यायालयाच्या बातम्यांत ‘धनादेश वठला नाही’ छापतात, जणू बँकेत नाटक चाललं होतं. तसंच ‘भूमिका अदा केली’. उर्दूत ते शोभतं, तिथे अदाकारी आहे. मराठीत आपण रक्कम अदा करतो, वीजबिल अदा करतो. ‘भूमिका बजावली’ रंगमंचाबाहेर चालेल : गिरणी कामगारांच्या संपात एखाद्याने मध्यस्थाची भूमिका बजावली, हे चांगलं मराठी आहे, कारण तिथे कर्तव्य आहे. नटाला ते लावू नका.

तेव्हा निवेदकांना कळवा : ‘या अष्टपैलू नटाने पाचही रूपं वठवली.’ ‘लीलया’ काढून टाकलं तरी चालेल, त्या नाटकात वेशांतराची जी धावपळ असते ती पाहिलेला माणूस तो शब्द वापरणार नाही.