ट्रेडमिलला शिवणमशीनचं तेल चालेल का?

प्रश्न: दादरला राहतो, ट्रेडमिल खिडकीपाशी आहे. हल्ली पाय टाकला की पट्टा अडकतो, जळका वास येतो. सासरे म्हणतात शिवणमशीनचं तेल सोड. सोडू का?

उत्तर: ताई, ते तेल अजिबात नको, त्याने पट्टा खराब होतो, फक्त सिलिकॉनचं लुब्रिकंट आणा. आधी प्लग काढा, पट्टा कडेने उचलून आत हात घाला, बोटांना कोरडं खरखरीत लागलं तर तेच दुखणं आहे. फळी सुक्या फडक्याने पुसा, दोन्ही बाजूंनी थोडं लुब्रिकंट सोडा आणि पाचेक मिनिटं हळू चाला म्हणजे ते पसरतं. एवढं करूनही वास आला तर मशीन बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा, उगाच ताणू नका.

पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मागचा उजवा बोल्ट पाव फेरा आवळा, जास्त नाही हं.

आणि खिडकीपासून हलवाच तिला! आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बोल्ट गंजतात, वर रस्त्याची धूळ मोटरच्या झाकणात जाऊन बसते, ती महिन्या-दोन महिन्यांनी काढायलाच हवी.